किंकाळ्या वगळून

"पुढचं वाच."

"नको ना आजी. हा माणूस येडा आहे."

"वाच."

पूर्वीने मोबाईल नाकाजवळ नेला. "'हीरोइन रोने लगी और मेरा हँस हँस के पेट दुख गया.' खाली सात हसरी तोंडं. झालं समाधान?"

सरोजिनीबाईंचं समाधान झालं होतं. हसले तर हसले, ऐकलं तरी. त्रेचाळीस वर्षं ज्या सिनेमाचं नाव काढलं की लोक "असा कुठला सिनेमा होता हो?" एवढंच विचारायचे, तो पूर्वीने मंगळवारी शाळेतून आल्या आल्या शोधून काढला होता. कोणा हौशी माणसाने जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकलेला. सिनेमा इटलीचा, भुताचा. पण भूत घरात आहे की बाईच्या डोक्यात, ते शेवटपर्यंत कळू न देणारा. मोठ्या बंगल्यातल्या एका बाईला वाटतं, भिंतीच्या आत कोणीतरी टकटक करतंय. नवरा म्हणतो भास आहे, डॉक्टर म्हणतो गोळी घे. एवढीच गोष्ट. ब्याऐंशी साली तो हिंदीत डब होऊन मुंबईत सकाळच्या खेळाला एक आठवडा लागला होता, आणि त्या इटालियन बाईला हिंदी आवाज दिला होता लालबागच्या सरोजिनी तावडेने. म्हणजे आताच्या सरोजिनी मयेकरांनी.

आता तो आवाज नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी परळच्या हॉस्पिटलात कॅन्सरसाठी स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून गळ्याला श्वासाचं एक भोक, त्यावर घरी शिवलेला सुती रुमाल, आणि बोलायचं झालं तर हनुवटीखाली टेकवायचं टॉर्चएवढं मशीन. बटण दाबलं की ओठांच्या हालचालीला ते आवाज पुरवायचं. सपाट, घरघरता, ना बाईचा ना बाप्याचा. लाड आणि शिवी एकाच सुरात. पूर्वी बारा वर्षांची. आजीचा म्हणून तिने हाच आवाज ऐकलेला.

"आजी, तुझा खरा आवाज कसा होता गं?" हे ती चार वर्षांची असल्यापासून विचारत होती, आणि दाखवायला घरात काही नव्हतं. बालवाडीत बावीस वर्षं गोष्टी सांगितल्या, त्या कोणी टेप केल्या नाहीत. गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धा गाजवल्या, त्यांचे नुसते फोटो. मुलाच्या, मयूरच्या लग्नाची सीडी होती. तीत सरोजिनीबाई कमरेवर हात ठेवून उखाणा घेताना दिसतात, ओठ हलतात, वऱ्हाडातल्या बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडतात, आणि वर व्हिडिओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई चढवलेली.

"एकदा पोरीने माझं बोलणं ऐकू दे," त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "मग मी मोकळी."

"मोकळ्या काय लगेच!" अनुजा म्हणाली. "ऐकेल की. पण सिनेमा मोठ्यांचा आहे, मी असल्याशिवाय लावायचा नाही. रविवारी मला सुट्टी, तेव्हा सगळे मिळून बघू."

सरोजिनीबाईंनाही तेच हवं होतं. पहिला प्रयोग कोणी एकट्याने बघतं का? शिवाय कुशाबाला बोलवायचं होतं. कुशाबा गावकर, वय चौऱ्याहत्तर, डिलाईल रोडचा, त्यांच्याच नाटक मंडळीतला. त्यानेच तेव्हा सरोजिनीबाईंना डबिंगला नेलं होतं, आणि सिनेमातल्या डॉक्टरला त्याचा आवाज होता.

म्हणून रविवारपर्यंत सिनेमा नाही, फक्त सिनेमाखाली लोकांनी लिहिलेली मतं. ती चारशेच्या वर होती. करी रोडच्या त्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, जिथे आधी त्यांची चाळ होती तिथेच आता आभाळात टांगलेल्या दोन खोल्यांत, पूर्वी रोज दप्तर टाकून आजीला मतं वाचून दाखवायची.

"'भूत वूत कुछ नहीं, औरत पागल थी, सिंपल.' त्याला खाली दुसऱ्याने झापलंय, 'भाई, तूने पिक्चर देखी या सो गया? आखिरी सीन में वो घर में है ही नहीं, फिर भी टकटक आती है.' मग तिसरा, 'वो चूहा था.' मग चौथा, 'इटली में इतने बड़े चूहे?'"

"पुढे."

"एका मुलीने तर निबंध लिहिलाय. मराठीत. 'हा सिनेमा भुताचा नाहीच. घरातले सगळे त्या बाईशी प्रेमाने बोलतात आणि प्रेमानेच तिचं खरं मारून टाकतात.' प्रेमाने कसं मारतात गं?"

"मोठी हो. कळेल."

"तू नेहमी असंच सांगतेस. हे बघ, तुझ्यावर आलं! 'हीरोइन की आवाज़ किसने दी है? क्या साफ़ हिंदी! जैसे रेडियो पर समाचार.' आजीऽऽ! समाचार!"

सरोजिनीबाईंच्या कपाळावर आठी पडली. साफ? स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट दर दोन वाक्यांनी काच ठोकायचा. 'बाई, हिरोईन बंगल्यात राहते, वायंडिंग खात्यात नाय.' तेव्हा त्या खरोखरच गिरणीच्या वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला होत्या. कदाचित आताच्या पोरांना जुनी हिंदी सगळीच साफ वाटत असेल. आठी गेली.

"'हेडफोनवाले सावधान, बाईसवें मिनट पे चीख है. मेरे दादाजी नींद से उठ के बैठ गए.' आणि ही बघ, 'इस चीखनेवाली को कोई पानी पिलाओ यार.'"

ह्याला सरोजिनीबाई पोटापासून हसल्या. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. गळ्यावरचा रुमाल फक्त फडफडायचा.

पाणी खरंच प्यायला लागलं होतं. मीठ घालून. तेव्हा सिनेमाच्या फितीचा एक एक तुकडा टोकाला टोक जोडून गोल करायचे, तो मशीनवर सारखा फिरत राहायचा. पडद्यावर तीच बाई, तेच तोंड, पुन्हा पुन्हा. ओठांना ओठ मिळेपर्यंत बोलत राहायचं. बोलणं चार दिवसांत झालं. किंकाळ्यांना एक अख्खा दिवस गेला. सात किंकाळ्या, प्रत्येकीला पाच-सहा वेळा. संध्याकाळी थुंकीत लाल रेघ दिसली आणि कुशाबाने रस्त्यावर थांबून हळदीचं दूध पाजलं. सिनेमा लागला त्याच आठवड्यात गावाला आई वारली. दिवसकार्य उरकून त्या परतल्या, तोवर थेटरवर दुसरंच पोस्टर.

"कसा झाला रे?" त्यांनी स्टेशनवरच कुशाबाला विचारलं होतं.

"काय सांगू गो सरू," कुशाबा म्हणाला होता, "पब्लिकनं टाळ्ये वाजवले."

त्या टाळ्यांवर त्यांनी त्रेचाळीस वर्षं काढली.

शनिवारी कुशाबाचा फोन आला. "पुढल्या रविवारी बघूया मां. माका जरा बरा नाय."

अनुजाने फोन स्पीकरवर ठेवला होता. सरोजिनीबाईंनी मशीन टेकवलं. "ताप आहे?"

"ताप नाय गो. असाच."

"मग ये. नाटकं नको."

तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मालवणी खाज्याची पुडी, आणि दारातच म्हणाला, "कॅसेटवरचा आसतला. आवाज धड येवचो नाय. आधीच सांगून ठेवतंय."

"मामा, बसा तरी," अनुजा म्हणाली. "आल्या आल्या काय अपशकुन!"

दुपारचे चार वाजले होते. पूर्वीने मोबाईल टीव्हीला जोडला, पडदा ओढला. सरोजिनीबाईंनी हिरवी काठाची नऊवारी नेसली होती आणि गळ्याला नवा पांढरा रुमाल. मयूर कामावर होता, त्याला पूर्वीने सांगून ठेवलं होतं, "बाबा, तुला रात्री फक्त आजीचे डायलॉग दाखवीन."

नावं आली, इटालियन, अर्धी पुसलेली. पाऊलवाट, बंगला, जिना. जिन्यावर ती बाई, सोनेरी केसांची. सरोजिनीबाईंनी तिला त्रेचाळीस वर्षांनी ओळखलं. मान वळवायच्या आधी ती डावी पापणी मिटते, तिथे श्वास घ्यायचा असतो. त्यांनी घेतला. ओठ हलले. मशीनशिवाय, नुसते.

'सुनिए... इस दीवार में कोई है।'

टीव्हीवरचे ओठ हलले, सरोजिनीबाईंचेही हलले, आणि खोलीत तिसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला. मऊ. एक एक अक्षर विंचरून, वेणी घालून ठेवलेलं.

"आजीऽऽऽ!" पूर्वीने उडीच मारली. "हा? हा तुझा? आई, ऐक ना, कसला गोड!"

"अगं बाई," अनुजा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आई, मी पण विसरले होते हो. नऊ महिने ऐकलाय फक्त मी तुमचा आवाज. असा होता, नाही?"

सरोजिनीबाईंचे ओठ उघडेच राहिले. त्यांनी कुशाबाकडे बघितलं. कुशाबा बशीतला चहा बघत होता. चहावर साय धरली होती आणि तो ती बघत होता.

पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. सगळी वाक्यं त्यांना पाठ होती आणि एकही त्यांचं नव्हतं. डॉक्टर आला. डॉक्टरच्या तोंडून मात्र कुशाबाच बोलला, तरणाबांड. 'आपको आराम की ज़रूरत है.'

"कुशाआजोबा, तुम्ही!" पूर्वी टाळ्या पिटत होती.

मग बाविसावं मिनिट. बाई भिंतीला कान लावते, आणि आतून कोणीतरी तिचंच नाव घेतं.

किंकाळी आली.

ती घशातून आलेली नव्हतीच. ती बेंबीच्या खालून, गिरणीच्या भोंग्यावर मात करून हाक मारायची सवय असलेल्या बाईच्या पोटातून निघाली होती, आणि शेवटाला फाटत गेली होती. सरोजिनीबाईंनी कानांनी नाही, फासळ्यांनी ओळखली ती. ही मी. ही मी आहे.

"ई गं!" पूर्वीने कानांवर हात ठेवले. "ती पानी पिलाओवाली! बंद कर!"

"पडदे फाटतील कानाचे," अनुजा म्हणाली. "पुढे ने, पूर्वी. शेजारचे येतील विचारायला."

सरोजिनीबाईंनी घाईने मशीन उचललं, टेकवलं. "थांब," मशीन घरघरलं. पण टीव्ही मोठा होता, आणि पूर्वीने बोट फिरवलंसुद्धा होतं. बाई एकदम गच्चीवर, वाऱ्यात, शांत. पुन्हा तो विंचरलेला आवाज.

पूर्वी हुशार मुलगी. दुसरी किंकाळी तिने बाईचं तोंड उघडताच ओळखली आणि गाळली. मग तिसरी. सातवीपर्यंत सगळ्या गाळल्या. सिनेमा संपला तेव्हा बाई रिकाम्या बंगल्याबाहेर मोटारीत बसली होती, आणि भिंतीतली टकटक चालू होती.

"मग होतं का कोणी आत?" अनुजाने विचारलं.

कुशाबा उठला. "येतंय मी."

सरोजिनीबाई त्याच्या मागोमाग बाहेर आल्या. लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये चपलांचे रॅक आणि कोणाची तरी सायकल. त्यांनी दार ओढून घेतलं. मशीन टेकवलं.

"कोण ती?"

"सरू..."

"कोण."

पॅसेजमध्ये मशीनचा आवाज डब्यात मधमाशी कोंडल्यासारखा घुमला. कुशाबाने लिफ्टचं बटण दाबलं.

"नाव माका आठवत नाय. रेडिओवरची होती कोण. तू गावाक गेलंस, त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सिनेमाच्या शेटनं तुझा बोलणा ऐकला नि हसूक लागलो. म्हणालो, 'हीरोइन इटली की है या लालबाग की?' तिका आणल्यान. दोन दिवसांत सगळा परत केला."

"तू होतास."

"डॉक्टर मीच मां. तिच्यासमोर उभो रवलंय." त्याचा आवाज खाली गेला. "किंकाळ्ये मारूक ती तयार नाय झाली. म्हणाली, माझा घसा रेडिओचा आहे, मी असले प्रकार करणार नाही. मग तुझेच ठेवले."

"टाळ्या?"

लिफ्ट आली. दार उघडलं. कुशाबा आत गेला नाही. दार मिटलं.

"टाळ्ये खंयचे गो," तो म्हणाला. "तीस माणसा होती. तुझी आई गेलेली. स्टेशनवर तू उतरलंस, कपाळ मोकळा, हातात ती पिशवी, आणि पयला काय विचारलंस तर सिनेमा कसो झालो. मी काय सांगूचा होता?"

"खरं."

"होय. सांगूचा होता." त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "उद्या सांगतलंय, उद्या सांगतलंय, करता करता तुझा लगीन झाला, मयूर झालो. मग तू बालवाडीत पोरांका सांगूक लागलंस. मग घसो गेलो. तेच्यानंतर कसा सांगतलंय? तूच सांग."

सरोजिनीबाईंच्या गळ्यावरचा रुमाल वेगाने आत-बाहेर होत होता.

"पोरीला सांगते," शेवटी मशीन म्हणालं.

"सांग. मी येव संगती?"

"नको."

त्या आत आल्या. अनुजा आत कप विसळत होती. पूर्वी जमिनीवर पालथी पडून, कानात इयरफोन, पाय हवेत. आजीला बघून तिने एक इयरफोन काढून त्यांच्या कानात घातला.

"ऐक. मी तुझं सगळं कापून एकत्र केलं. फक्त बोलणं. अकरा मिनिटं झालंय."

'सुनिए... मैं झूठ नहीं बोल रही हूँ. मेरी बात का यक़ीन कीजिए.'

सरोजिनीबाई खाली बसल्या. मशीन टेकवलं. "पूर्वी. ऐक."

"एक मिनिट, एक मिनिट! आधी माझं. मी काय ठरवलंय माहितेय? आजपासून तू मशीनमधून बोललीस ना, की मी मनात हा आवाज लावणार. तू बोलायचं, मी डबिंग करायचं. बोल ना काहीतरी. पूर्वी, जेवून घे, म्हण."

"पूर्वी. जेवून घे."

पूर्वीने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, जसं कोणीतरी पाठीवरून हात फिरवताना पसरतं. "आलं," ती कुजबुजली. "बरोब्बर आलं, आजी. मला ना आधी, रागावू नकोस हां, पण मला आधी तुझी भीती वाटायची. लहान होते तेव्हा. तू हाक मारलीस की मी आईच्या मागे जायचे. तुला कळायचं?"

सरोजिनीबाईंनी मान हलवली. कळायचं.

"आता नाही वाटणार. हाच ना गं तुझा आवाज? हाच होता ना?"

बटणावर अंगठा होता. त्यांनी तो बराच वेळ नुसता ठेवला. मग दाबला.

"हो."

"मग मी लिहिते." पूर्वी उठून बसली. चारशे सत्तावीस मतांच्या खाली तिने आपलं टाकलं, आणि टाकता टाकता मोठ्याने म्हणत गेली, "'ये... मेरी... आजी की... आवाज़ है. उनका नाम सरोजिनी मयेकर है.' झालं!"

अनुजाने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "काय झालं?"

"आजी फेमस झाली!"

दहा मिनिटांत उत्तर आलं. पूर्वीने ते नेहमीसारखं वाचून दाखवलं. "'आजी को प्रणाम. क्या आवाज़ है! और वो चीखें भी आजी की हैं क्या? वो तो किसी और की लगती हैं.'" तिने वर बघितलं. "खरंच गं. मलापण तसंच वाटलं. त्या तुझ्यासारख्या वाटतच नाहीत. कोणीतरी जंगली बाई. तूच होतीस का ती?"

आत नळ चालू होता. सरोजिनीबाईंनी रुमाल सारखा केला.

"नाही," मशीन म्हणालं. "दुसरी कोणी होती."

"कोण?"

"गिरणीतली. आठवत नाही नाव."

पूर्वीने मान डोलावली आणि तसं लिहून टाकलं.